विंडोज, मॅक आणि लिनक्स: तिघांमध्ये कूटबद्ध ईमेलची देवाणघेवाण

समजा, नागपूरच्या एका वकिलाकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यांचा पुण्यातला अशील मॅक वापरतो आणि खटल्यासाठी जमिनीचे जुने कागद तपासून देणाऱ्या अभ्यासक बाई उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) काम करतात. तिघांना करारनामे, वैद्यकीय अहवाल, बँकेचे उतारे एकमेकांना पाठवायचे आहेत. अशा वेळी बहुतेक जण पीडीएफला पासवर्ड लावतात आणि तो पासवर्ड लगेच पुढच्या ईमेलमध्ये कळवतात. ज्याच्या हाती मेलबॉक्स लागेल त्याला फाइल आणि पासवर्ड दोन्ही एकाच जागी मिळतात.

ईमेल सेवा "सुरक्षित" असते म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. आज बहुतेक मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जाताना टीएलएसने, म्हणजे वाटेपुरत्या सांकेतिक आवरणाने, झाकलेला असतो. पण दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर तो सेवा पुरवणाऱ्याला वाचता येईल अशाच रूपात पडून राहतो, वर्षानुवर्षे. खाते फुटले, कुणी पासवर्ड पळवला, की जुना सगळा पत्रव्यवहार उघडा. मेल तुमच्या मशिनवरच कूटबद्ध झाला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात गेला, आणि फक्त समोरच्याच्या मशिनवर उघडला, तरच ही भीती टळते.

हे काम अवघड आहे असा समज आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. २०१२ च्या डिसेंबरात, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत पुढे उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवॉल्ड यांच्याशी संपर्क साधला आणि आधी कूटबद्ध ईमेल सुरू करा, असा आग्रह धरला. विंडोजवर ते कसे करायचे हे दाखवणारा व्हिडिओही त्यांनी बनवून पाठवला. तरीही ग्रीनवॉल्ड यांच्याकडून ते होईना, आणि स्नोडेन यांनी माहितीपट बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रस यांच्याकडे मोर्चा वळवला. त्या काळी तीन-चार वेगवेगळे प्रोग्राम जुळवावे लागत. आज तसे नाही. एक निवांत दुपार पुरते, आणि तिघांच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या असल्याने काहीही अडत नाही. अडते ते किल्ल्यांच्या, म्हणजे मेल बंद-उघड करणाऱ्या डिजिटल फायलींच्या, हाताळणीत. म्हणून या लेखात बटणांपेक्षा किल्ल्यांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी एक निर्णय: ओपनपीजीपी की एसमाइम

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये मजकूर कूटबद्ध करणारा पीजीपी हा प्रोग्राम मोकळा केला. पुढे त्याची पद्धत ओपनपीजीपी या नावाने खुले मानक झाली. १९९८ मध्ये ते पहिल्यांदा छापले गेले, २००७ आणि २०२४ मध्ये सुधारले गेले. मानक खुले असल्यामुळे विंडोजवरच्या एका प्रोग्रामने बंद केलेला मेल लिनक्सवरचा दुसराच प्रोग्राम उघडू शकतो. वेर्नर कॉख यांचे जीएनयूपीजी हे सॉफ्टवेअर याच मानकावर चालते. त्याची १.० ही आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि तेव्हापासून ते मोफत आहे.

दुसरी पद्धत एसमाइम. ती आउटलुक आणि ॲपलच्या मेलमध्ये आधीपासूनच असते, वेगळे काही बसवावे लागत नाही. पण प्रत्येकाला एखाद्या प्रमाणन संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मुदत संपली की नवे. मोठ्या कंपनीत, जिथे आयटी विभाग हे सगळे सांभाळतो, तिथे एसमाइम चांगले. आपल्याकडे सीए आणि वकिलांकडे डीएससीचे (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे) टोकन असते, त्यामुळे "हेच वापरता येईल का?" हा प्रश्न हमखास येतो. ते टोकन सहीसाठी दिलेले असते. मेल कूटबद्ध करण्यासाठीचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. तीन स्वतंत्र माणसांनी आपापल्या घरून, कुणालाही पैसे न देता सुरुवात करायची असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: ओपनपीजीपी घ्या. पुढचे सगळे त्याबद्दल आहे.

तत्त्व थोडक्यात असे. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडे कुलूप: ते कुणालाही द्यावे, कुणीही ते लावून तुम्हाला पेटी पाठवावी. खाजगी किल्ली त्या कुलपाची. ती फक्त तुमच्याकडे. वकिलांना अशिलाला मेल पाठवायचा असेल तर त्यांना अशिलाची सार्वजनिक किल्ली लागते, स्वतःची नाही. स्वतःची खाजगी किल्ली सही करायला आणि आलेले मेल उघडायला लागते. नवे लोक इथेच सर्वात जास्त गोंधळतात, म्हणून हे वाक्य कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवले तरी चालेल.

तिन्ही मशिनवर थंडरबर्ड

थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून त्यात ओपनपीजीपी आतच आले आहे. त्याआधी लागणारी एनिगमेल ही जोडणी आता लागत नाही, त्यामुळे जुन्या लेखांत तिचे नाव दिसले तर तो भाग सोडून द्या. तिघांकडे एकच प्रोग्राम असला की फोनवर एकमेकांना मदत करणेही सोपे जाते, कारण सगळ्यांना तेच पडदे दिसतात.

विंडोज आणि मॅकवर थंडरबर्डच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच डाउनलोड करा. उबुंटूत तो काही वेळा आधीच असतो. मात्र २४.०४ पासून उबुंटूतला थंडरबर्ड स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो, आणि स्नॅपला मशिनवरच्या सगळ्या फोल्डरांत डोकावण्याची परवानगी नसते. त्यामुळे किल्लीची फाइल पेनड्राइव्हवरून थेट निवडताना अडचण आली, तर ती आधी आपल्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

मग आपले ईमेल खाते जोडा. जीमेलसारख्या सेवेत थंडरबर्ड स्वतःच ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन करून घेतो. नवे खाते काढायची गरज नाही, आहे तोच पत्ता चालतो. मेनू शोधताना एवढे लक्षात ठेवा: मॅकवर तो पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीत असतो, विंडोजवर लपलेला असतो आणि ऑल्टचे बटण दाबल्यावर दिसतो.

किल्ली बनवण्याआधी एक सेटिंग कराच. "सेटिंग्ज"मध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" इथे "यूज अ प्रायमरी पासवर्ड" या चौकोनात खूण करा आणि भक्कम पासवर्ड द्या. थंडरबर्ड तुमची खाजगी किल्ली या प्रायमरी पासवर्डच्या आधारे जपतो. तो नसेल, तर लॅपटॉप ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती किल्लीही जाईल. ही पायरी वगळणारे बरेच असतात, आणि पुढची सगळी मेहनत मग पोकळ राहते.

किल्लीची जोडी तयार करणे

"अकाउंट सेटिंग्ज" उघडा, आपल्या पत्त्याखाली "एंड-टू-एंड एन्क्रिप्शन" निवडा, "ॲड की" दाबा आणि "क्रिएट अ न्यू ओपनपीजीपी की" घ्या. दोन गोष्टी विचारल्या जातात: मुदत आणि प्रकार.

मुदत दोन किंवा तीन वर्षे ठेवा. "कधीच संपू नये" हा पर्याय मोहक वाटतो, पण किल्ली हरवली किंवा पासवर्ड विसरला तर ती किल्ली जगात कायमची जिवंत राहते आणि लोक तुम्हाला तुम्ही उघडू न शकणारे मेल पाठवत राहतात. मुदत पुढे वाढवता येते. ते काम मिनिटाभराचे आहे.

प्रकारात, म्हणजे किल्लीमागच्या गणिती पद्धतीत, आरएसए घेतल्यास ३०७२ किंवा ४०९६ बिट, नाहीतर एलिप्टिक कर्व्ह. दोन्ही सुरक्षित आहेत. एलिप्टिक कर्व्हची किल्ली लहान असते आणि आजचे सगळे प्रमुख प्रोग्राम ती वाचतात. समोरच्याकडे खूप जुने सॉफ्टवेअर असण्याची शक्यता असेल तरच आरएसए घ्या.

किल्ली थंडरबर्डमध्येच बनवा, असे मी आग्रहाने सांगते, आणि त्याला कारण आहे. अलीकडच्या काळात ओपनपीजीपीच्या घरात फाटाफूट झाली आहे. जीएनयूपीजीच्या २.३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत बनवलेल्या किल्लीवर "मला ओसीबी ही कूटबद्ध करण्याची नवी पद्धत समजते" अशी नोंद असते. ती किल्ली तुम्ही पुढे ओसीबी न समजणाऱ्या प्रोग्राममध्ये नेली, तर पाठवणाऱ्याचे जीएनयूपीजी त्या नोंदीवर विश्वासून ओसीबीने मेल बंद करते आणि तुमच्याकडे तो उघडत नाही. किल्ली बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही मेल बंद. याचे मूळ शोधताना माणूस हैराण होतो. थंडरबर्डमध्ये बनवलेली किल्ली मात्र जीएनयूपीजीत नेली तरी दोन्हीकडे चालते. २०२४ च्या मानकातल्या अगदी नव्या, सहाव्या पिढीच्या किल्ल्यांच्या मागेही आत्ता लागू नका. वेगवेगळ्या प्रोग्रामांमध्ये बोलायचे तर चौथ्या पिढीची किल्लीच सगळ्यांना समजते, आणि थंडरबर्ड तीच बनवतो.

बॅकअप, आणि देवनागरी पासवर्डचा धोका

किल्ली तयार झाली की लगेच, चहा घेण्याआधी, तिचा बॅकअप घ्या. "टूल्स" मेनूतून "ओपनपीजीपी की मॅनेजर" उघडा, आपली किल्ली निवडा, "फाइल" मेनूत "बॅकअप सीक्रेट की टू फाइल" घ्या. बॅकअप फाइलसाठी वेगळा पासवर्ड मागितला जाईल.

हा पासवर्ड देवनागरीत टाइप करू नका. शब्द मराठी असू देत, नव्हे, असावेतच. चार-पाच असंबद्ध मराठी शब्दांचा पासवर्ड लक्षात राहतो आणि मोडायलाही कठीण. पण तो रोमन अक्षरांत लिहा. "ऱ्हास" मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो: एका कीबोर्डवर "ऱ"ला हलंत जोडून, दुसऱ्यावर साध्या "र"ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. विंडोजवर एका कीबोर्डने दिलेला पासवर्ड मॅकवर दुसऱ्या कीबोर्डने टाइप केला तर तो चुकीचा ठरतो, आणि किल्ली उघडतच नाही. शिवाय पासवर्ड विचारणाऱ्या चौकटीत मराठी कीबोर्ड चालू करता येईलच याची खात्री नसते.

बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि पेनड्राइव्ह कपाटात. स्वतःला मेल करून ठेवणे, क्लाउडवर टाकणे हे प्रकार नकोत. खाजगी किल्ली गेली तर आतापर्यंत त्या किल्लीने बंद झालेला सगळा पत्रव्यवहार कायमचा गेला. कुठल्याही मदत केंद्राला तो परत मिळवून देता येत नाही.

सार्वजनिक किल्ली पोचवणे

सर्वात सोपा मार्ग म्हणजे मेलला जोडणे. नवा मेल लिहायच्या खिडकीत ओपनपीजीपीचा मेनू असतो, त्यात "अटॅच माय पब्लिक की" निवडा आणि पाठवा. समोरच्याला डॉट एएससी शेवट असलेली छोटी फाइल मिळते. त्यांनी तिच्यावर उजवी क्लिक करून "इंपोर्ट ओपनपीजीपी की" म्हणायचे. तिघांनी एकमेकांना असा एकेक मेल पाठवला की पहिला टप्पा संपला.

फाइल हाताने निर्यात करून पाठवणार असाल तर आधी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. तिथे "पब्लिक की ब्लॉक" लिहिलेले असायला हवे. "प्रायव्हेट की ब्लॉक" दिसले तर थांबा, ती फाइल कुणालाही जाता कामा नये.

दुसरा मार्ग किल्ली-सर्व्हरचा. कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर २०१९ पासून चालू आहे. त्यावर किल्ली चढवली की तो तुमच्या पत्त्यावर पडताळणीचा मेल पाठवतो, आणि तुम्ही दुजोरा दिल्यावरच पत्त्यावरून किल्ली सापडू लागते. जुन्या किल्ली-सर्व्हरांवर कुणीही कुणाच्याही नावाची किल्ली चढवू शकत असे आणि ती काढताही येत नसे, म्हणून ते टाळा. तीन माणसांच्या गटाला खरे तर सर्व्हरची गरज नाही.

फिंगरप्रिंट पडताळा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्या व्यवस्थेचा कणा हीच आहे. मेलने आलेली किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, हे मेल सांगू शकत नाही. कुणी अशिलाच्या खात्यात घुसला असेल, तर तो अशिलाच्या नावाने स्वतःची किल्ली पाठवेल, आणि वकील पुढचे सगळे कागद अत्यंत सुरक्षितपणे त्या चोरालाच पाठवत राहतील.

प्रत्येक किल्लीला चाळीस चिन्हांचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा क्रमांक, असतो. की मॅनेजरमध्ये किल्लीवर दोनदा क्लिक केले की तो चार-चार चिन्हांच्या दहा गटांत दिसतो. समोरच्याला फोन करा. नंबर तुमच्या वहीतला किंवा आधीपासूनचा असावा, त्या मेलच्या खाली लिहिलेला नव्हे. त्यांनी स्वतःच्या मशिनवरून स्वतःचा फिंगरप्रिंट वाचायचा, तुम्ही तुमच्या पडद्यावर ताडून पाहायचा. मग उलट बाजूने.

यात फक्त शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे येतात. फोनवर बी, सी, डी, ई ऐकताना हमखास घोळ होतो, म्हणून गावांची नावे वापरा: ए अकोला, बी बारामती, सी चिपळूण, डी दापोली, ई एरंडोल, एफ फैजपूर. "चार, दापोली, नऊ, फैजपूर" असे वाचले की तीन-चार मिनिटांत काम होते. सगळे दहा गट ताडून पाहा. शेवटची आठ चिन्हे जुळली म्हणजे झाले, असे म्हणू नका. शेवटची आठ चिन्हे सारखी असलेल्या खोट्या किल्ल्या मुद्दाम तयार करता येतात, हे २०१४ मध्येच दाखवले गेले आहे.

जुळल्यावर त्याच खिडकीत "येस, आय हॅव व्हेरिफाइड इन पर्सन" ने सुरू होणारा पर्याय निवडा. त्यावर "येस, बट आय हॅव नॉट व्हेरिफाइड" असा सौम्य पर्यायही आहे. दोन्हींपैकी एकही निवडला नाही तर थंडरबर्ड त्या माणसाला कूटबद्ध मेल पाठवूच देत नाही. "किल्ली आहे, तरी पाठवता का येत नाही?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

पहिला मेल

नवा मेल उघडा, मजकूर लिहिण्याआधी "एन्क्रिप्ट" बटण चालू करा. आधी लिहून मग बटण दाबण्याची सवय लावू नका, कारण थंडरबर्ड मधूनमधून मसुदा सर्व्हरवर साठवतो आणि बटण बंद असताना तो मसुदा उघडाच साठतो. सही करण्याचा पर्यायही चालू ठेवा. सहीमुळे मेल तुमच्याकडूनच आला आणि वाटेत बदलला नाही, हे समोरच्याला कळते.

पहिल्या मेलमध्ये खरे कागद नकोत. दोन ओळी मराठीत लिहा, एक छोटी पीडीएफ जोडा. समोरच्याला मेल उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात ओपनपीजीपीचे चिन्ह दिसेल, त्यावर क्लिक केले की कूटबद्ध आहे का, सही बरोबर आहे का, हे कळते. मग त्यांनी उत्तर द्यायचे. विंडोजवरून मॅकवर, मॅकवरून उबुंटूवर, उबुंटूवरून विंडोजवर: तिन्ही दिशांनी एकेक फेरी झाल्याशिवाय कामाचे कागद पाठवू नका.

काय झाकले जाते आणि काय नाही, हेही आत्ताच पाहा. मजकूर आणि जोडलेल्या फायली झाकल्या जातात. थंडरबर्ड विषयही झाकतो, बाहेरून पाहणाऱ्याला त्या जागी फक्त तीन टिंबे दिसतात. पण समोरचा प्रोग्राम वेगळा असेल तर त्यालाही कधी तीन टिंबेच दिसतात. तसे होत असेल तर "एंड-टू-एंड एन्क्रिप्शन"च्या पानावर विषय झाकण्याचा पर्याय बंद करता येतो, मग विषयात "फाइल" किंवा "कागद" एवढेच लिहा. कुणी, कुणाला, कधी पाठवले हे मात्र कायम उघडे राहते. बीसीसीही (इतरांना न दिसता पाठवलेली प्रत) टाळा: कूटबद्ध मेलवर कोणकोणत्या किल्ल्यांनी तो उघडेल याची नोंद असते, आणि त्यावरून लपवलेला माणूस ओळखता येऊ शकतो.

समोरचा थंडरबर्ड वापरत नसेल तर

विंडोजवर कार्यालयाने आउटलुकच सक्तीचा केला असेल, तर जीपीजीफोरविन हे मोफत पॅकेज बसवा. त्यात क्लिओपात्रा हा किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम आणि आउटलुकसाठी जीपीजीओएल ही जोडणी येते. ही जोडणी जुन्या, डेस्कटॉपच्या आउटलुकवर चालते. विंडोजच्या "न्यू आउटलुक"मध्ये तिच्यासारख्या जोडण्यांना जागाच ठेवलेली नाही. तेव्हा क्लिओपात्राचा "नोटपॅड" वापरा: मजकूर तिथे लिहा, समोरच्याची किल्ली निवडून कूटबद्ध करा आणि तयार झालेला मजकूर मेलमध्ये चिकटवा. फायली क्लिओपात्रातून वेगळ्या बंद करून जोडा. थोडे वेळखाऊ आहे, पण कुठल्याही मेल सेवेवर चालते.

मॅकवर जीपीजी सूट आहे. त्यातला किल्ल्यांचा भाग मोफत, ॲपल मेलशी जोडणारा जीपीजी मेल मात्र विकत घ्यावा लागतो. लिनक्सवर इव्होल्यूशन आणि केमेल हे दोन्ही मेल प्रोग्राम ओपनपीजीपी जाणतात आणि मशिनवरचे जीएनयूपीजी वापरतात. थंडरबर्ड मात्र स्वतःची वेगळी किल्ली-पेटी ठेवतो. जीएनयूपीजीत असलेली किल्ली थंडरबर्डला आपोआप दिसत नाही, फाइलमार्फत आत आणावी लागते. लिनक्सचे जुने वापरकर्ते इथे अडखळतात.

अँड्रॉइडवर २०२४ पासून थंडरबर्ड आहे. त्याला किल्ल्यांसाठी ओपनकीचेन हे ॲप सोबत लागते. माझा सल्ला असा की खाजगी किल्ली फोनवर न्यायची की नाही, याचा आधी नीट विचार करा. फोन हरवतो, दुरुस्तीला जातो, घरातली मुले हाताळतात. अत्यंत गरज नसेल तर ती संगणकावरच राहू द्या.

प्रोटॉन मेल ही ईमेल सेवा वापरणाऱ्यांशी बोलणे सर्वात सोपे, कारण तिथे आतून ओपनपीजीपीच आहे. त्यांनी सेटिंगमधून आपली सार्वजनिक किल्ली निर्यात करून तुम्हाला द्यायची, आणि तुमची किल्ली त्यांच्या संपर्कांच्या यादीत तुमच्या नावापुढे चढवून कूटबद्ध पाठवण्याचा पर्याय चालू करायचा.

अडते कुठे

मेल उघडल्यावर मजकूर नाही, फक्त "एन्क्रिप्टेड डॉट एएससी" नावाची फाइल दिसते. मेल बिघडलेला नाही. तो पीजीपी-माइम या, मजकूर आणि जोडलेल्या फायली एकत्र बंद करणाऱ्या, स्वरूपात आहे, आणि तुम्ही तो ब्राउझरमध्ये किंवा ओपनपीजीपी न समजणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहत आहात. थंडरबर्डमध्ये उघडा, किंवा ती फाइल उतरवून क्लिओपात्रात उघडा. काही कार्यालयांच्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरवरून जाताना अशा मेलची बाहेरची बांधणी बदलते. थंडरबर्डला ते ओळखून दुरुस्त करता येते. पडद्यावर दुरुस्तीचे बटण आले तर दाबा.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात. हे बहुधा "इनलाइन" पद्धतीने, म्हणजे मजकूर चिकटवून पाठवलेल्या मेलमध्ये होते. त्यात अक्षरे युनिकोडमध्ये आहेत ही माहिती सोबत जात नाही आणि समोरचा प्रोग्राम अंदाज बांधतो. पीजीपी-माइममध्ये ती माहिती आतच बंद असते, म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांनी शक्य तिथे तेच वापरावे. इनलाइन टाळता येत नसेल तर मजकूर वर्डच्या किंवा पीडीएफच्या फाइलमध्ये लिहून फाइल कूटबद्ध करा.

आउटलुकवरून आलेल्या जोडणीच्या जागी "विनमेल डॉट डॅट" येते. पाठवणाऱ्याचा आउटलुक रिच टेक्स्टमध्ये लिहितो आहे. त्यांना एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडायला सांगा.

सही "चुकीची" दिसते, पण मेल नीट उघडतो. घाबरून जाण्याआधी पाहा की वाटेत एखाद्या सर्व्हरने मेलच्या शेवटी "हा मेल गोपनीय आहे" छापाची सूचना चिकटवली आहे का. एक अक्षर वाढले तरी सही मोडते. वेगळ्या सहीच्या फाइलसह मजकूर-फाइल पाठवतानाही असेच होते, कारण विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगळ्या चिन्हांनी करतात आणि एखादा संपादक ते गुपचूप बदलतो. अशा फायली झिप करून मग सही करा.

फाइल मोठी, मेल परत येतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण कूटबद्ध होऊन मजकुराच्या रूपात बांधली जाताना फाइल फुगते. १५ एमबीच्या वरच्या फायली दोन मेलमध्ये वाटा.

आणखी एक सेटिंग. २०१८ मध्ये ईफेल नावाने गाजलेल्या संशोधनात असे दिसले होते की एचटीएमएल मेलमधल्या बाहेरून येणाऱ्या चित्रांच्या आडून उघडलेला मजकूर बाहेर पळवता येतो. थंडरबर्डमध्ये त्यावर दुरुस्त्या झाल्या आहेत. तरीही "व्ह्यू" मेनूत "मेसेज बॉडी ॲज" इथे "प्लेन टेक्स्ट" निवडून ठेवा, आणि बाहेरची चित्रे दाखवायला कधीही परवानगी देऊ नका. कागदपत्रांच्या पत्रव्यवहाराला रंगीत अक्षरांची गरज नसते.

मशीन बदलताना, मुदत संपताना

विंडोजवरून लिनक्सवर किंवा मॅकवर जायचे ठरले तर नवी किल्ली बनवू नका. कपाटातला पेनड्राइव्ह काढा, नव्या थंडरबर्डमध्ये "ॲड की" म्हणून "इंपोर्ट ॲन एक्झिस्टिंग ओपनपीजीपी की" निवडा, बॅकअपचा पासवर्ड द्या आणि "ट्रीट धिस की ॲज अ पर्सनल की" ला खूण करा. मग परत "एंड-टू-एंड एन्क्रिप्शन"च्या पानावर जाऊन ती किल्ली आपल्या पत्त्यासाठी निवडा. ही शेवटची निवड राहून गेली तर किल्ली आत असूनही सही होत नाही. समोरच्यांच्या सार्वजनिक किल्ल्याही आणाव्या लागतात आणि त्यांना पुन्हा मान्यता द्यावी लागते. जुने मशीन विकण्याआधी किंवा दुरुस्तीला देण्याआधी त्यातली थंडरबर्डची प्रोफाइल (त्याची सगळी माहिती असलेले फोल्डर) पुसा, कारण किल्ली तिच्यातच असते.

मुदत संपायच्या महिनाभर आधी किल्लीच्या माहितीच्या खिडकीतून तारीख पुढे ढकला आणि सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पुन्हा पाठवा. फिंगरप्रिंट तोच राहतो, त्यामुळे फोनवरची पडताळणी पुन्हा करावी लागत नाही. तारीख वाढवल्यावर बॅकअपही नव्याने घ्या.

लॅपटॉप चोरीला गेला किंवा किल्ली दुसऱ्याच्या हाती पडल्याचा संशय असेल, तर त्याच दिवशी बॅकअपवरची किल्ली दुसऱ्या मशिनवर आणा, "रिव्होक की" निवडून ती रद्द करा, रद्द झालेली सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पाठवा आणि नवी जोडी बनवून फोनवर नवा फिंगरप्रिंट वाचून दाखवा. जुनी, रद्द केलेली किल्ली स्वतःच्या थंडरबर्डमधून मात्र काढून टाकू नका. त्या किल्लीने बंद झालेले जुने मेल उघडायला तीच लागते.